किरकोळमध्ये टाक

अप्पा, रविवारी मंडळाची वार्षिक सभा झाली. तुमच्यानंतर हिशोब वाचायचं काम फिरत फिरत यंदा माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि शुद्धलेखन चुकत नाही, एवढंच कारण. दहावी अर्धवट सोडलेल्या माणसाला सुरतच्या पांडेसऱ्यात आणखी काय मान मिळणार?

मंडळाचं काम अजून तेच. दरमहा वर्गणी, आणि आपल्यातलं कोणी इथे वारलं तर त्याला गावी नेणाऱ्या गाडीचं भाडं. तुम्हालाही त्याच पैशातून धुळ्याकडे नेलं. मी ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. सोनगढला त्याने चहासाठी गाडी थांबवली. मीही चहा घेतला.

सभेच्या आधी अध्यक्षकाका घरी आले. मिलमध्ये मला त्यांनीच लावलं, हे तुम्हाला माहीत नाही. त्यांच्या भाच्याने पर्वत पाटियाला साड्यांचं दुकान काढलं. त्या उद्घाटनाचा मंडप आणि जेवण मंडळाच्या पैशातून झालं होतं. "किरकोळमध्ये टाक रे भाऊ," ते म्हणाले. "सगळे जेवलेच ना तिथे? तू तर दोनदा श्रीखंड घेतलंस." घेतलं होतं.

मी चौथीत असेन. मंडळाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर तुम्ही खडूने हिशोब लिहिताय. तुम्ही 'कीरकोळ' लिहिता. मी म्हणतो, अप्पा, कि ऱ्हस्व. तुम्ही थांबता, आणि तळहाताने अख्खा शब्दच पुसून टाकता. "बरं झालं सांगितलंस. काय आणलं होतं तेच लिखू." मग तिथे येतं: दोरी, खिळे, चहा. हात तसाच पँटला पुसल्यामुळे आई घरी बोलते. आणि सभेत वाचून झाल्यावर तुम्ही बसत नाही. "इचारा काहीतरी! तवलोंग मी बसत नही." शेवटी मागून कोणीतरी ओरडतं, "अप्पा, चहात साखर काबर कमी शे?" सगळे हसतात. तुम्ही मात्र साखरेचा भाव सांगता, किती आणली ते सांगता, आणि मगच बसता.

रविवारी सकाळी नळावर मावशी भेटली, साड्यांच्या घड्या घालते ती, शेजारची. तिचा नवरा आता उठत नाही. "गाडीचे पैसे शेतस ना रे भाऊ?" तिने हळूच विचारलं, घरात ऐकू जाऊ नये म्हणून. सभेत सांगतो, म्हणालो.

मी किरकोळ लिहिलं नव्हतं. 'अध्यक्षांच्या भाच्याच्या दुकानाचे उद्घाटन, मंडप व जेवण' असं लिहिलं होतं. उद्घाटन हा शब्द पुन्हा पुन्हा तपासला. नोकरी जाईल, हे धरूनच चाललो होतो. वाचताना आवाज कापेल असं वाटलं होतं, तो कापला नाही. शिल्लक वाचली. एका गाडीचंही भाडं निघणार नाही, एवढी. पंखा चालू होता. काकांनी मोबाईलमधून मान वर न करता म्हटलं, "मंजूर." आणि सगळे म्हणाले, मंजूर.

सोमवारी मिलच्या गेटवर काका भेटले. "छान वाचतोस. आवाज बापावर गेलाय." एवढंच. मी आत गेलो, काम केलं, डबा खाल्ला. डब्यात काय होतं ते आता आठवत नाही.

फळा हल्ली खुर्च्यांमागे उभा असतो. हा कागद त्याच्यामागे खोचून ठेवेन.

एक राहिलं. तुमच्यासारखं उभं राहायचं, असं ठरवून गेलो होतो. पण सगळे मंजूर म्हणाले तेव्हा माझ्याही तोंडून तेच निघालं, आणि मी बसलो. मावशीने हात वर केला होता. मंजुरीचा होता की विचारायचा, ते बघायला मी उभा नव्हतो.