निमंत्रणपत्रिकेवरची पदवी

देवास, २२ जुलै २००५
॥ श्री ॥

ती. स्व. अण्णा व माई यांस, सौ. कल्पनाचा कृ. शि. सा. न. वि. वि.

सकाळी आमचा फोन सारखा गुंतलेला असतो म्हणून अण्णा रागावले आहेत, असे माईंनी शेजारी फोन करून कळवले. मी माहेरी गप्पा मारत बसते असा अण्णांचा तर्क आहे म्हणे. तो खरा असता तर मला बरेच वाटले असते. फोनची तार आता कॉम्प्युटरला जोडली आहे. पहाटे मी देवापाशी बसते, तेव्हा हे त्याच खोलीत इंटरनेट लावून बसतात. ते चालू असेपर्यंत फोन लागत नाही. म्हणून हे पत्र.

कारखान्यात विजेच्या मोटारी तपासायचे नवे यंत्र आले आहे. मोटारीची थरथर आकड्यांत उतरवून बेअरिंग बरे की वाईट ते सांगते. नवी मुले बटण दाबतात, कागद निघतो, आणि सही ह्यांना करावी लागते. आत काय झाले ते कळल्याशिवाय सही करताना हात अडखळतो, असे हे म्हणाले. तेव्हापासून परदेशातल्या एका मोठ्या विद्यापीठाचा अभ्यास इंटरनेटवर करतात. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग असे नाव आहे. मी विचारले तर म्हणाले, सगळ्या गोंगाटातून नको तो आवाज काढून टाकायचा. मी म्हटले, तांदूळ निवडण्यासारखे. तर म्हणाले, हो, पण इथे खडे ठेवायचे आणि तांदूळ टाकायचे.

किमया बापाला होमवर्क झाला का म्हणून रोज छळते. ती स्वतः अकरावीत आहे आणि तिचा होत नाही.

माईंनी गुडघ्याला तेल लावण्यात आळस करू नये. आपल्या आशीर्वादाची सावली आहेच, ती असू द्यावी.

आपली,
सौ. कल्पना


धार, ९ ऑगस्ट २००५

चि. सौ. कल्पनास अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. मी दोनदा वाचले व माईलाही वाचून दाखवले. माहेरचा आरोप मागे घेतो.

रत्नाकर पॉलिटेक्निकला गेला, तेव्हा डिग्रीला त्याचे गुण थोडक्यात हुकले होते. त्याने कधी बोलून दाखवले नाही, मीही नाही. मुख्याध्यापकाचा मुलगा डिप्लोमावर थांबला हे लोक मात्र बोलून दाखवत. आता या वयात परदेशी विद्यापीठाची पदवी घेतो आहे हे वाचून किती बरे वाटले ते लिहीत नाही.

आपल्या महाराष्ट्र समाजाच्या गणेशोत्सवात गुणवंतांचा सत्कार असतो. अध्यक्ष जयसिंगरावांच्या कानावर ही गोष्ट घातली. ते आपल्या माळवी ढंगात म्हणाले की भिया, यंदा पहिला मान तुमच्या रत्नाकरचा. पत्रिका छापून आल्या आहेत. एक सोबत आहे. त्याला सुटी काढायला सांग. कोट नसेल तर माझा आहे.

माईचा गुडघा तेलाने नाही, तुझ्या चौकशीने बरा आहे.

तुम्हां सर्वांचे शुभ चिंतणारा,
अण्णा


देवास, १६ ऑगस्ट २००५
॥ श्री ॥

ती. स्व. अण्णा यांस, सौ. कल्पनाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला बसले आणि दोनदा उठले. लहान तोंडी मोठा घास होतो आहे, पण घरात दुसरे कोणी लिहिणार नाही.

किमयाला मराठी अक्षर जड जाते, म्हणून आपली पत्रे चहाच्या वेळी मीच सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवते. हेही पत्र तसेच वाचत गेले. पत्रिका उघडून ह्यांच्या नावापुढची पदवीची ओळ वाचली आणि ह्यांनी कप खाली ठेवला.

अण्णा, तिथे पदवी नाही. त्या विद्यापीठाने आपले पाठ आणि प्रश्नपत्रिका सगळ्या जगासाठी खुल्या ठेवल्या आहेत. ज्याला हवे त्याने शिकावे. नाव नोंदवायचे नाही, परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. हे स्वतःच पेपर सोडवतात, स्वतःच तपासतात, आणि मागच्या आठवड्यात स्वतःला नापासही केले. तो धडा पुन्हा पहिल्यापासून धरला होता. मी आधीच नीट लिहायला हवे होते. मी विद्यापीठ लिहिले, आपण पदवी वाचलीत.

हे म्हणतात की गणपतीच्या दर्शनाला येईन, मांडीला मांडी लावून जेवायला बसेन, पण मंचावर चढणार नाही. जे मिळालेच नाही त्याची शाल अंगावर घेतली तर पुन्हा त्या कॉम्प्युटरपुढे बसवणार नाही. मी म्हटले, अण्णांनी गावात शब्द दिला आहे, पत्रिका घरोघर गेल्या असतील, त्यांनी कोणाकोणाला तोंड द्यायचे. मग म्हणाले, तेच तर. आणि तेव्हापासून नीट जेवत नाहीत. पहाटेही उठले नाहीत. मी एकटीच देवापाशी बसते आणि खोली मोठी वाटते.

आपण म्हणाल तर मी त्यांना समजावून आणीन. पण आपण तसे म्हणू नये, अशी देवापाशी प्रार्थना केली आहे. रागवावे, पण मनात दुरावा धरू नये.

आपली,
सौ. कल्पना


धार, १५ सप्टेंबर २००५

चि. सौ. कल्पनास अ. उ. आ.

महिनाभर पत्र नाही म्हणून तू घाबरली असशील. पहिले चार दिवस रागात गेले. नंतरचे, खरे सांगायचे तर, लाजेत. जयसिंगरावांकडे जायला निघायचो आणि भाजी घेऊन परत यायचो. माई म्हणाली, एवढी भाजी खाणार कोण.

सत्कार काल झाला. रत्नाकर आला नाही ते बरे केले. आला असता तर मी त्याला उभे केलेच असते.

त्याचे नाव पुकारले तेव्हा मीच उठलो. पत्रिकेत छापले आहे ते चूक आहे आणि चूक माझी आहे, असे सांगितले. त्याला पदवी मिळालेली नाही, मिळणारही नाही, तो नुसता शिकतो आहे. शाल बारावीला पहिल्या आलेल्या अवंतीला द्यावी अशी विनंती केली. मागून कोणीतरी हसले. हसू दे.

खरी पंचाईत पुढे झाली. शेजारी बसलेल्या सरलाताई विचारू लागल्या की अण्णासाहेब, पण शिकतो काय. मी तांदूळ आणि खडे सांगितले. त्या म्हणाल्या, म्हणजे काय. आणि मला पुढे एक वाक्य येईना. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना काय शिकलास म्हणून विचारले. घरच्याला किती टक्के एवढेच.

दसरा झाला की येतो. त्याला सांग, पहाटे उठावे. मला मागे एक खुर्ची टाकावी. इंग्रजी कळते, गणित विसरलो आहे.

तुझ्या प्रार्थनेला बळ आहे, तिच्यात आम्हांलाही धरत जा.

अण्णा


देवास, १९ ऑक्टोबर २००५
॥ श्री ॥

ती. स्व. माई यांस, सौ. कल्पनाचा शि. सा. न. वि. वि.

अण्णा आजच्या बसने निघाले, पत्राआधीच पोचतील. तरी लिहिते, कारण ते सगळे सांगायचे नाहीत.

तीन दिवस पहाटे ते ह्यांच्या मागे बसले. नेट-कॅफेतून सीडीवर आणलेले एक व्याख्यान ह्यांनी लावले. अण्णा म्हणाले, मास्तर हुशार दिसतो, पण वर्गाकडे पाठ करून बोलतो, माझ्या शाळेत असता तर सांगितले असते. हे हसले. मग अण्णांनी थरथरीचे आकडे कसे होतात ते विचारले. माई, चार वाक्यांपलीकडे अण्णांपुढे न बोलणारा तुमचा मुलगा दूध उतू जाईपर्यंत बोलत होता. म्हणाले, मोटार सतत बोलत असते, आपण तिचे थोडे थोडे क्षण टिपतो. फार विरळ टिपले तर नसलेलीच थरथर कागदावर दिसते, आणि चांगली मोटार वाईट ठरते. अण्णा म्हणाले, थोडे ऐकून पुष्कळ समजून बसले की असेच होते. ह्यांनी चष्मा पुसला. मी पूजेत होते, पण कान तिकडेच होता. देव समजून घेईल.

कारखान्यात काही बदललेले नाही. पद तेच, सही तीच. हे म्हणतात, हात आता अडखळत नाही.

बसस्टँडवर खातेगांवचे एक ओळखीचे भेटले. इकडे कसे म्हणून विचारले. अण्णा म्हणाले, मुलाकडे आलो होतो, तो शिकतो आहे. त्यांना वाटले लहान असेल, कितवीत आहे असे ते विचारू लागले. हे अण्णांची पिशवी धरून मागेच उभे होते. अण्णांनी वळून पाहिलेही नाही. सत्तेचाळीस वर्षांचा आहे म्हणाले, आणि अभ्यासात बरा आहे.

आपल्या दोघांची माया अशीच पाठीशी असावी.

आपली,
सौ. कल्पना