आत्याच्या बाजूचं मागचं चाक

ती. मामांना साष्टांग नमस्कार,

तुमची प्रकृती ठणठणीत असेलच. मामीचा खांदा आता कितपत वर जातो? (वरच्या फळीवरचा डबा काढण्याइतका जात असेल, तर ते तिने घरात कुणाला सांगू नये, असा माझ्या बायकोचा निरोप आहे.) आम्ही सगळे मजेत आहोत. तुम्ही भेट पाठवलेल्या चार अलॉय चाकांची पोच द्यायला उशीर झाला, कारण नेमकं काय लिहावं हेच ठरत नव्हतं. चाकं देखणी आहेत, हे आधीच लिहून मोकळा होतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या मनाला थोडा आधार राहील.

चाकं आली त्याच दुपारी मी ती टायरवाल्याकडे नेली. त्याने व्यास मोजला, बोल्टची भोकं जुळवून पाहिली आणि मग विचारलं, “ऑफसेट बघितलाय का?” मला तो शब्द फक्त छपाईच्या संदर्भात ठाऊक होता. पण अडाणी दिसायला नको म्हणून मी म्हणालो, “बघितलाय, चांगला आहे.” (मामांनी दिलेली वस्तू, त्यात काय बघायचं, हा माझा मनातला विचार. यात तुमचा गौरवच आहे.) चाकं बसली. मडगार्डच्या थोडी बाहेर डोकावत होती, पण मला ते रुबाबदार वाटलं. कॉलनीत शिरताना मी गाडी मुद्दाम सावकाश घेतली. कुणी बघत नव्हतं, म्हणून परत एक चक्कर मारली.

शनिवारी आत्याला घेऊन बाहेर पडलो. तुम्हाला माहीतच आहे, ती ड्रायव्हरच्या मागे बसते आणि ती जागा तिच्या नावावर असल्यासारखी आहे, तिथे दुसरं कुणी बसत नाही. पहिल्याच स्पीडब्रेकरवर मागून घर्रर्र असा आवाज आला. दुसऱ्यावर पुन्हा आला. आत्या उतरली आणि तो बंद झाला. आता यातून कोणाही माणसाने जो निष्कर्ष काढला असता तोच मी आणि बायकोने काढला आणि एकमेकांकडे न बघता मनात ठेवला. (आत्याची तब्येत भारदस्त आहे. हे वाक्य मोठ्याने वाचू नये.) तिला कमी ऐकू यायचं, ही त्या दिवसांतली आमची एकमेव सोय होती. मी “पुढे बस, समोरचं छान दिसतं” म्हणून पाहिलं. ती म्हणाली, तुझं ड्रायव्हिंग समोरून बघण्याएवढी माझी छाती मजबूत नाही.

मग ऑफिसातल्या एका जाणत्याने स्पेसर सुचवले. स्पेसर म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामध्ये बसवायची जाड कडी. मी हौसेने बसवून घेतली. मामा, जे चाक आधीच बाहेर आलंय, त्याच्या मागे कडी सरकवली तर ते आणखी बाहेर जाणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण त्या दिवशी आमच्या दोघांमध्ये एकही शास्त्रज्ञ नव्हता. आवाज दुप्पट झाला आणि चिखल दाराच्या काचेपर्यंत उडायला लागला.

नेमकं याच सुमारास आत्याचं कानाचं यंत्र आलं. दवाखान्यातून निघताना ती इतकी खूश होती, की स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकत दोनदा पायऱ्या चढली-उतरली. गाडीत बसली, आणि पहिल्याच वळणावर म्हणाली, “अरे, हे काय घासतंय?” मी म्हणालो, रस्ता खराब आहे. रस्ता आरशासारखा होता. तेवढ्यात बायको जुन्या सवयीने माझ्या कानाशी कुजबुजली, “आत्या उतरल्या की थांबेल.”

“ऐकलं मी,” मागून आवाज आला.

त्यानंतरचा आठवडा वाईट गेला, मामा. ती बसने जायला लागली. बोलायची नीट, पण ताटात अर्धंच वाढून घ्यायची आणि पुढे केलेली वाटी हाताने मागे सारायची. ते काही मला बघवेना. शेवटी मी तिच्या खोलीत जाऊन म्हणालो, “आत्या, चुकलो.” तिने उभा जन्म कोर्टात लेखनिकाची नोकरी केलेली. ती म्हणाली, “माफी नको. आरोप सिद्ध करा.”

दुसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघांना टायरवाल्याकडे नेलं. बायकोला गाडी चालवायला लावली, मला (माझ्या बरगड्या तुम्ही पाहिल्या आहेत) स्वतःच्या जागेवर बसवलं आणि आपण फुटपाथवर हात बांधून उभी राहिली. गाडी दुकानापुढच्या स्पीडब्रेकरवरून गेली. घर्रर्र! अख्ख्या दुकानाने ऐकलं. आत्याने फक्त पदर सारखा केला.

मग टायरवाल्याने चाक काढून त्याच्या पाठीमागे कोरलेला आकडा दाखवला. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि ते गाडीला जिथे टेकतं ती जागा, यांतलं अंतर म्हणजे ऑफसेट. आकडा जितका लहान, तितकं चाक बाहेर. आमच्या गाडीला हवा पंचेचाळीस मिलिमीटर आणि तुमच्या चाकांवर होता वीस, म्हणजे चांगलं इंचभर बाहेर, वर माझी कडी, त्यामुळे मागे कुणीही बसून गाडी दबली की टायर मडगार्डच्या कडेला घासायचं. तो मडगार्डची कड ठोकून वळवायला तयार होता. आत्या म्हणाली, “गाडीला कशाला मार? तिने काय केलंय?” जुनी चाकं मी केव्हाच विकली होती, म्हणून शेवटी कडी काढून पंचेचाळीसचीच नवी चाकं घेतली. आता ती मडगार्डखाली नीट बसतात आणि गाडी लोण्यातून गेल्यासारखी जाते. आत्या पुन्हा तिच्या जागेवर बसते, पोटभर जेवते आणि आल्यागेल्याला ऑफसेट समजावून सांगते. घरात आनंदीआनंद आहे.

मामीला नमस्कार. तुमचा लोभ आहेच, तो आहे तेवढाच असू द्यावा, वाढला की पार्सल येतं.

तुमचा,
भाचा

ता. क. : पत्राचं खरं कारण हे, की परवा फोनवर तुम्ही तुमच्या जुन्या गाडीचा सायलेन्सर आमच्यासाठी काढून ठेवल्याचं म्हणालात. हात जोडून विनंती, पाठवू नये.

ता. क. २ : आत्या हल्ली गाडीत बसताना कानाचं यंत्र काढून पर्समध्ये ठेवते. मी कारण विचारलं. म्हणाली, “चाकांचा आवाज गेल्यापासून तुझं बोलणं फार स्पष्ट ऐकू येतं.”