लोर्नाला रजा मागता येत नाही

सोमवार, १३ जानेवारी

आज गंमत झाली. कामाला येते ती लोर्ना बाथरूममधून ओरडली, "नानाय, साबोन खलास!" (नानाय म्हणजे आई, मला तेच म्हणते.) मी म्हटलं, अगं, मराठी कधी शिकलीस? तर म्हणे मराठी नाही, आमच्या फिलिपिन्समध्ये साबणाला साबोनच म्हणतात. स्पेनचे लोक तीनशे वर्षं राज्य करून गेले, ते ठेवून गेले. समोरच्या फ्लॅटमधली सीरियाची बाई साबून म्हणते. म्हणजे आम्ही तिघी एकाच शब्दाने हात धुतो.

चेहऱ्याला काय म्हणतात विचारलं तर "मुखा". हे तर आपलं! हे म्हणे स्पेनच्याही आधीचं. बाईंना म्हणजे शाळेतल्या मास्तरणीला "गुरो". आमचे कोण गेले होते बाई तिकडे, काय माहीत. चौथीपर्यंत शिकलेली मी, मला कोण सांगणार.

के. (केतकी, सूनबाई. सारखं पूर्ण लिहून बोटं दुखतात) म्हणते आई, ऑफिसची डायरी दिली ती शब्द गोळा करायला नव्हे, बीपी लिहायला. बीपी ठीक.

मंगळ. १४ जाने.

संक्रांत. गुळाची पोळी जमली. इरा शाळेतून आली आणि माझा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. वाकून नमस्कार नाही. महेश म्हणाला, "आई, तुझी नात फिलिपिनो झाली." होऊ दे की. लोर्ना रोज सकाळी आली की असंच करते, मोठ्यांचा हात कपाळाला. माझे गुडघे धरलेले, कोणी पाया पडलं की मी त्याला उठवायला वाकते आणि मग मलाच कोणीतरी उठवायला लागतं. हे बरं, उभ्या उभ्या आशीर्वाद.

आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "पो". येस पो. नो पो. आपलं "हो जी" असतं तसं. इराच्या जन्मापासून आहे आमच्याकडे. ह्याच बिल्डिंगमध्ये वर नवव्या मजल्यावर आणखी पाच जणींबरोबर एका खोलीत, एक पलंग भाड्याने घेऊन राहते. सकाळी सातला येते, संध्याकाळी जाते. इराला दुपारी बसवरून आणते. महेश आणि के. नोकरीला दुबईत, आम्ही राहतो शेजारच्या शहरात, रस्त्यात दोन-दोन तास जातात.

गुरु. १६

इरा सांगत आली, "Aji, Lorna was crying near the washing machine." गेले तर डोळे लाल, तोंडावर हसू. "नथिंग नानाय, कांदा." कांदा मी चिरला होता, स्वयंपाकघरात.

चहा दिला. बसवलं. मग निघालं. आमची भाषा म्हणजे थोडी हिंदी, थोडं इंग्लिश, उरलेलं हातवारे. तर तिची लेक, जेनजेन, १५ फेब्रु.ला अठरा पूर्ण करते. तिकडे मुलीची अठरावी म्हणजे लग्नाच्या खालोखाल. अठरा पुरुष एकेक गुलाब देतात आणि मुलीबरोबर नाचतात, शेवटी बाप. अठरा बायका एकेक मेणबत्ती पेटवून मुलीला एकेक चांगला शब्द सांगतात. शेवटची मेणबत्ती आईची. शेवया केल्याच पाहिजेत, त्या चिन्यांच्या, आयुष्य लांब व्हावं म्हणून. नाच-झगा स्पेनचा, गाणी अमेरिकेची. मी म्हटलं, तुमचं काय मग ह्यात? तर म्हणाली, "नानाय, अठरा लोग गिनना. कोई छूटना नहीं."

मला फार आवडलं हे. आमच्या पोरींचं अठरावं कधी झालं आम्हालाच कळलं नाही. माझं तर लग्नच सोळाव्यात.

पोर आठ वर्षांची असताना लोर्ना आली इकडे. दोन-तीनदाच घरी गेली. दोन वाढदिवसांना येते म्हणून सांगितलं, जमलं नाही. जेनजेनने सांगून टाकलंय, अठराव्यालाही आली नाहीस तर तुझी मेणबत्ती मावशीला देईन.

मग माग की रजा! तर मान खाली. फेब्रु.त के.चं ऑडिट आहे, मॅडमला त्रास होईल. आणि लोर्नाच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा के. हॉस्पिटलात दोन दिवस बसून होती, स्वतःच्या हाताने पेज पाजली. त्यांच्याकडे त्याला मोठा शब्द आहे, आत मनात राहिलेलं ऋण, ते कधी फिटत नाही. अशा माणसाकडे तोंड उघडून काही मागायचं म्हणजे लाज.

म्हणाली, "नानाय, मॅडमको नहीं बोलना पो." मी हो म्हटलं.

रवि. १९

हळदीकुंकू झालं. पलीकडच्या अल मजाज वस्तीतून दोघी, आमच्या बिल्डिंगमधल्या तिघी. लोर्नाने ताटं अशी लावली की वाटावं हिच्या माहेरी सात पिढ्या हळदीकुंकू आहे. के.चं कौतुक चाललेलं, "तुझी लोर्ना म्हणजे घरचीच!"

आणि मला राहवलं नाही. म्हटलं, घरची कसली, लेकीचा एवढा समारंभ आणि हिला रजा मागायची चोरी! सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता सगळ्या म्हणतील अगंबाई, दे गं रजा, आणि झालं काम. आमच्या गावात असंच होतं. चार बायकांत विषय काढला की नाही कोण म्हणणार?

सगळ्या आपापल्या ताटाकडे बघायला लागल्या. के.चा चेहरा उतरला. लोर्ना मात्र हसली. "नानाय जोक करती है, मॅडम." तिळगुळाची वाटी घेऊन आत गेली. मला रागच आला. रडायच्या वेळी हसते काय ही?

सोम. २०

लोर्ना आली नाही. मेसेज, डोकं दुखतंय. के.ने घरून काम केलं. माझ्याशी जेवढ्यास तेवढं.

मंगळ. २१

आली. हात कपाळाला लावला. हसली. काम चोख. दिवसभरात माझ्याशी एक शब्द नाही. साबोन सुद्धा मुकाट्याने स्वतःच काढला कपाटातून.

बुध. २२

आज नुसतं येस, नो. त्यामागचा पो गेला. घर कसं सुनं वाटतं.

महेशच्या ऑफिसात एक फिलिपिनो इंजिनिअर आहे, त्याला विचार म्हटलं. त्याने सांगितलं, तुमच्या आईने चारचौघांत तिला उघडी पाडली. वाईट वाटलं की आमची माणसं भांडत नाहीत, हसतात. मग गप्प बसतात. आपल्याच माणसाशी गप्प बसतात बरं का, परक्याशी नाही. त्याला ताम्पो म्हणतात. सॉरी म्हणून जात नाही. जवळ जायचं, मनवायचं.

अरे, हा तर रुसवा! सगळं आयुष्य रुसव्यात गेलं माझं. हे (महेशचे बाबा) रुसले की तीन तीन दिवस ओटीवर बसायचे. मला काय नवं आहे ह्यात.

शुक्र. २४

इराला सुट्टी. सकाळी खांडवी केली, तांदळाच्या कण्या, गूळ, नारळ, आलं. ताट झाकून इराचा हात धरून नवव्या मजल्यावर.

दार उघडलं तर खाली पेपर पसरून सहा जणी भात-मासे जेवत होत्या, हाताने! आमच्याकडे लोर्ना चमचा-काट्याशिवाय जेवत नाही. चमचा म्हणे परक्यांपुढे, हात आपल्या माणसांत. मला बघून सगळ्या एकदम, "काइन पो, काइन!" म्हणजे या जेवायला. मी म्हटलं बसा बसा, चालू द्या तुमचं. सांगावं लागलं नाही काय बोलायचं. आमच्या गावात जेवताना रस्त्याने कोणी गेलं की असंच हाकारतात.

खांडवी बघून एकच गलका. त्यांच्याकडे अशीच असते, नारळ-गुळाची. एक म्हातारीशी होती ती म्हणाली, ही तर माझ्या आईची. पाच मिनिटांत ताट साफ.

लोर्ना कोपऱ्यात. मी जवळ जाऊन बसले. म्हणजे बसवलं मला दोघींनी धरून. तिच्या पुढ्यातला मासा घेतला. मी शुक्रवारी खात नाही. खाल्ला. काटा निघाला तो तिने काढून दिला. मग म्हणाली, "नानाय, आप बहुत लाउड है." मी म्हटलं हो गं, आवाज मोठाच आहे, शेतावरून हाका मारून मारून झालाय. सगळ्या हसल्या. ती पण, खरं हसू.

लिफ्टपाशी सोडायला आली तेव्हा "पो" परत आला होता.

शनि. २५

आज के. स्वतःच लोर्नाला घेऊन बाल्कनीत बसली. मी मुद्दाम मिक्सर लावला, माझे कान मध्ये नकोत म्हणून. (चटणी दोन दिवसांची झाली.)

नंतर के. माझ्याजवळ आली. डोळे भरलेले. "आई, पाच वर्षं माझ्या घरात आहे. मी नाही म्हणेन असं वाटलं तिला?" म्हटलं, नाही गं, तू हो म्हणशील म्हणूनच मागत नव्हती.

रजा दिली! दहा दिवस. ९ फेब्रु.ला निघायचं.

पण मग इराला बसवरून आणणार कोण? महेशचं अबुधाबीला काम, के.चं ऑडिट. मी म्हटलं, मी.

दोघं हसले. महेश म्हणाला, "आई, तू लिफ्टमध्ये एकटी कधी गेलीस?"

नाही गेले. म्हणून काय झालं.

बुध. २९

शिकवणी सुरू. लोर्नाने लिफ्टच्या बटणांवर इराचे स्टिकर लावले, खाली जायला मासा, घरी यायला फुगा. वॉचमन कुरकुरला, तिने त्याला भैया भैया करून गप्प केलं. काल एकटी गेले तर पार्किंगच्या तिसऱ्या मजल्यावर. गाड्याच गाड्या. एका पठाणाने आणून सोडलं, "अम्मा, इधर मत आना." लोर्ना चिडली नाही. "अगेन, नानाय." ह्या लोकांचा धीर! मी महेशला पाढे शिकवताना धपाटे घातलेत.

गुरु. ६ फेब्रु.

बॅग भरणं बघायला नवव्या मजल्यावर गेले. रिकाम्या हाताने घरी जायचं नसतं त्यांच्यात, शेजाऱ्यांच्या पोरांचीही नावं यादीत. आणि खोलीतल्या बाकीच्या पाच जणी आपापल्या वाट्याचं आणून कोपरे भरत होत्या, ह्या आंटीकडून चॉकलेट, त्या आंटीकडून टॉवेल. जेनजेनला पाहिलंय का कोणी? कोणीच नाही. पण वाटा प्रत्येकीचा. त्यांच्याकडे पूर्वी एखाद्याचं घर हलवायचं तर सगळा गाव बांबूवर अख्खं घर उचलून न्यायचा. इथे बॅग उचलत होत्या, एवढंच.

मी विचारलं, जेनजेन खूश असेल? लोर्ना टॉवेलाची घडी मोडून परत घालायला लागली. कळवलंय, पण पोरीचं उत्तर नुसतं "ok". पुढे काही नाही.

सोम. १० फेब्रु.

लोर्ना काल गेली. आज मी एकटी!! मासा दाबला. खाली. बस उशिरा आली, माझ्या तोंडचं पाणी पळालं. इरा उतरली आणि बसमधल्या पोरांना म्हणाली, "That's my Aji, she came alone." वर येताना बटण मी दाबलं. बीपी लिहायचं विसरले.

बुध. १२

लोर्नाचा फोन. आवाज बसलेला. विमानतळावर नवरा आणि सासरे आले होते, जेनजेन नाही. घरी आहे, पण मावशीच्या खोलीत झोपते. जेवायला येते, आईला वाढते, विचारलं तर उत्तर देते. हसते. "बहुत अच्छे से बात करती है, नानाय. जैसे मैं गेस्ट."

शेवटची मेणबत्ती कोणाची ते विचारलंस का? नाही विचारलं. मावशीलाही विचारायची लाज वाटते.

मी म्हटलं, भांडली असती तर बरं होतं का? म्हणाली, हो.

काय सांगणार मी. आईवर रुसलेली पोर मी पण होते एकदा, आणि माझी आई वाट बघून झोपायची. म्हटलं, तू मागे लागू नकोस, पण तिथून हलूही नकोस. ती असेल त्या खोलीच्या आसपास काहीतरी काम काढून बस. के. म्हणाली, आई, तुम्ही आणि न बोलता बसायचा सल्ला!

शनि. १५ फेब्रु.

आज अठरावी. तिकडे आपल्यापेक्षा चार तास पुढे. कार्यक्रम संध्याकाळी, म्हणजे आपल्या दुपारी. सकाळपासून कशात जीव लागेना. देवाशी दिवा लावला, त्यांच्या मेरीमाईचं पण नाव घेतलं, ती काय वेगळी असेल. के. म्हणाली फोन करू नका, तयारीत असतील. दहाला केलाच.

लोर्नाने उचलला, पण कुजबुजत बोलायला लागली. मी म्हटलं जोरात बोल, ऐकू येत नाही. नाही बोलली. तशीच कुजबुजत सांगितलं. ती मावशीच्या खोलीच्या दाराबाहेर बसून फुलांच्या देठांना फीत गुंडाळत होती. दार उघडलं. जेनजेन निळ्या झग्यात. पाठीला हुकच हुक, हात पोचत नाही. मावशी बाजारात गेलेली. पोर आईकडे पाठ करून उभी राहिली फक्त.

लोर्नाने खालून वर एकेक हुक लावला. दोन चुकले, परत लावले.

"सब हो गया, नानाय. लास्टवाला भी."

मग? काय म्हणाली?

"कुछ नहीं बोला पो. लेकिन गया नहीं. अभी भी खडी है. मेरे सामने."

म्हटलं, अगं बाई, मग माझा फोन काय धरून बसलीस! ठेव तो!

ठेवला.