रागाची सरी

अहो, कचेरीतून आलात की ही चिठ्ठी घेऊन घटकाभर बसा, एक आख्यान सांगते. राजाजीनगरात वसुमती नावाची एक बाई होती. तिच्या दोन महिन्यांच्या माधवला खोकला झाला होता आणि डॉक्टरांनी त्याला थंडीत न्यायचं नाही असं बजावलं होतं. तरी यजमान म्हणाले, "सगळा गोतावळा उटीला निघालाय. कानटोपी घातली की झालं." ती तीनदा नको म्हणाली. चौथ्यांदा वैतागून म्हणाली, "सरी." इथं कानडीत 'सरी' म्हणजे 'बरं'; ती होकाराचीही असते आणि 'पुरे करा आता'चीही. जन्म बेंगळुरात गेला, पण यजमानांना बायकोच्या रागाची सरी कळली नाही. ते तिकिटं काढून आले, वर पेढेही घेऊन आले.

हा पूर्वरंग. उत्तररंग असा, की वसुमती बाळाला घेऊन थोरल्या बहिणीकडे, अहल्याअक्कांकडे गेली आहे. सासूबाईंची शाल ट्रंकेत वरच ठेवली आहे, वाटेसाठी चिंचेचा भात डब्यात भरला आहे. तुम्ही खुशाल जा. ती रुसून गेलेली नाही, रागावून गेली आहे. समजूत काढायला येऊ नका. तिकडे सगळे शेगडीपाशी शेकत बसाल, तेव्हा छाती भरलेल्या माधवची एकदा आठवण काढा.