बाळंतिणीजवळची एक बाई

आमदार निवास, दुसरा मजला
मंगळवार, १४ मार्च

ती. जाऊबाईंस,

नमस्कार. घरी सगळं ठीक असेलच. तुम्ही असताना काही बिघडायची टाप आहे का?

इथे अधिवेशन चालू आहे. काल पुलाच्या प्रश्नावर मंत्र्यांना चांगलं धारेवर धरलं. आपल्याच पक्षाचे, म्हणून जरा हसत हसत. रविवारच्या पेपरात माझ्यावर अख्खं पान आलंय, पाहिलंत का? चार निवडणुका, दोन पूल, मुलींची वसतिगृहं, आणि फोटोखाली ठळक अक्षरांत ते प्रसूतिगृह. मथळा काय, तर ‘मतदारसंघाची आई’. इथल्या शिपायानेसुद्धा अभिनंदन केलं. मी म्हटलं, अरे, मतदारसंघाची झाले, घरच्या पोरीची व्हायचं राहिलं. तो हसला. त्याला वाटलं, बाईंनी विनोद केला.

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर तुम्ही ‘असू दे गं’ म्हणता आणि माझं बोलणंच खुंटतं. विरोधकांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते तुम्हाला सहज जमतं.

त्या प्रसूतिगृहाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे: बाळंतिणीजवळ आत घरची एक बाई थांबू शकते. पूर्वी तेवढंही नव्हतं. बायका आत एकट्या कण्हत पडायच्या आणि घरचे दाराबाहेर. त्यासाठी मी सभागृहात घसा फोडला. डॉक्टर मंडळी म्हणाली, गर्दी होईल. मी म्हटलं, बरं, एकच बाई. पण कोण ते बाळंतीण ठरवेल. सासू नाही, नवरा नाही, डॉक्टर तर नाहीच. काय बाकं वाजली होती! कितीतरी दिवस मिरवत होते मी.

आता बबडीने ठरवलंय. तुम्ही.

माझी मुलगी, मी उभं केलेलं प्रसूतिगृह, दारावर माझ्या नावाची पाटी, आणि आत तुम्ही! स्पष्टच बोलते, जाऊबाई, मी तुमच्यावर जळते. आजची गोष्ट नाही ही. शाळेचा तो बक्षीस समारंभ आठवतो? मी प्रमुख पाहुणी. मुलं रांगेने वर येत होती आणि मी प्रत्येकाला विचारत होते, “नाव काय बाळा तुझं?” बबडी आली. तिलाही तेच विचारलं! जिभेला वळणच पडलं होतं हो. सगळे खो खो हसले. पोरीने शहाण्यासारखं पूर्ण नाव सांगितलं, खाली उतरली आणि “मोठीआई, हे बघ” म्हणत कप थेट तुमच्या मांडीवर नेऊन ठेवला. मी वर फोटोसाठी हसत उभी. परतताना गाडीत तुमच्याशी चकार शब्द बोलले नाही. तुम्हाला वाटलं, मी दमलेय.

तुम्ही माझं काही हिसकावून घेतलं नाहीत, हे मला कळतं. मी प्रचाराला हिंडायची, तुम्ही तिच्या वेण्या घालायच्या, तापात उशाशी बसायच्या. आणि कधी मला एका शब्दाने टोचलंही नाहीत. टोचलं असतंत तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

आता मुद्द्यावर येते. इतका वेळ उगाच पाल्हाळ लावलं.

परवा मी बबडीला फोन करून सांगितलं, की तुमची कंबर धरलीय, डॉक्टरांनी हलायला मनाई केलीय, तुम्हाला यायला जमणार नाही. तोंडातून निघून गेलं असं म्हणणार नाही. ठरवून बोलले. निवडणुकीतसुद्धा असला खोटेपणा मी कधी केला नाही. वाटलं, तुमचा पत्ता कटला की पोरगी म्हणेल, ‘मग आई, तू ये.’ मी अध्यक्षांना रजेचं कळवूनही टाकलं होतं. बघा, केवढी घाई.

आधी तिने तुमचीच चौकशी केली. शेक कोण देतंय, मोठीआईला मुळीच उठू देऊ नका. मग म्हणाली, “असू दे. मी एकटीच जाईन आत.”

“अगं, मी आहे ना!”

“तुझं अधिवेशन आहे ना गं, आई. कशाला उगाच तुला त्रास?”

रागाने नाही हो. अगदी समजुतीने, पाहुण्यांना म्हणतात तसं. आणि एवढं समजुतीने बोलताना तिचा आवाज कापत होता. घाबरलीय ती.

माझ्या जळफळाटापायी पोर आत एकटी पडायला नको. तेव्हा हे पत्र मिळताच तिला फोन करा. कंबर ठणठणीत आहे म्हणा. खोटं कुणी बोललं ते सांगायचं तर खुशाल सांगा. आणि बॅग भरून तिच्याकडे राहायला जा.

एकच मागणं आहे. कळा सुरू झाल्या की सगळ्याच बायका ‘आई गं’ म्हणून ओरडतात. तीही ओरडेल. ते मला येऊन सांगा. सवयीने तोंडातून आलं असेल, हे मला कळतं.

तरी सांगा.

तुमच्यावर जळणारी,
तुमचीच धाकटी