कपाटामागचा डबा

२४ जून १९५७, सोमवार

वांगी लागली! चौथीच्या मुलांनी शाळेमागच्या परसात लावलेली रोपं सुट्टीत जळून जाणार असं गुरुमूर्ती मास्तर छातीठोकपणे सांगत होते. चौथीचा वर्ग त्यांचाच, तरी भरवसा नाही! एकही रोप जळलं नाही. जवळ राहणारी मुलं पाळीपाळीनं येऊन पाणी घालत होती म्हणे. मला कुणी सांगितलंही नाही. मास्तरांना पहिलं वांगं नेऊन दाखवलं. म्हणाले, ‘‘बारीक आहे.’’ हा माणूस स्वर्गात गेला तरी पायऱ्या उंच आहेत म्हणेल.

मुख्याध्यापिका म्हणून डेप्युटी इन्स्पेक्टरांसाठी शाळेच्या कामाचा अहवाल लिहायला घेतलाय. तो तमिळमध्ये. इथं मात्र मराठी. पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात असूनही बाबांनी हट्टानं ही लिपी शिकवली, आता घरात ती आई सोडून कुणाला येत नाही, आणि आईला हल्ली अक्षर दिसत नाही. म्हणजे मोकळं रान!

पुढच्या सोमवारपासून दुपारचं जेवण शाळेत. सरकारची योजना. फुकट, सगळ्या मुलांना. स्वयंपाकाला अंजलै म्हणून बाई नेमली आहे. कुठल्या वस्तीतली, कुणाच्या घरची, हे आईनं लगेच विचारलं. मी म्हटलं, मला काय ठाऊक! ठाऊक होतं.

१ जुलै, सोमवार

पहिली पंगत! व्हरांडाभर मुलं, पुढ्यात घरून आणलेल्या ताटल्या. भात आणि सांबार — त्यात आमचीच वांगी. गुरुमूर्ती मास्तरांनी वेष्टी वर खोचून वाढलं, सगळ्यांना दोनदा. पहिलीतला एक पोरगा जेवता जेवता तिथंच झोपला, हातात भात तसाच. मला फार बरं वाटलं. ही मुलं दुपारी पेंगतात ती मठ्ठ आहेत म्हणून, असं मी इतकी वर्षं समजत होते.

मी नेहमीप्रमाणे ऑफिसात, नकाशांच्या कपाटामागे बसून आईचा डबा खाल्ला. दहीभात, नारिंगाचं लोणचं. आम्ही देशस्थ, आईनं सोवळ्यात केलेलं सोडून मी बाहेर पाणीसुद्धा घेत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. कुणाला त्यात काही वाटत नाही.

४ जुलै

एकही मूल गैरहजर नाही. जेवणाचा प्रताप!

१२ जुलै, शुक्रवार

कृष्णवेणीला पळताना आज प्रथमच नीट पाहिलं. पाचवीतली मुलगी, काडीसारखी, पण सुटली की मुलगेसुद्धा मागे! गुरुमूर्ती मास्तर तोंड उघडं टाकून बघत राहिले. ऑगस्टात तालुक्याच्या शर्यती आहेत. आमच्या शाळेला आजवर चित्रकलेचं बक्षीस मिळालंय, पाठांतराचं मिळालंय, पळण्याचं कधीच नाही. अहवालात एक ओळ मोकळी सोडली आहे. उतावळेपणाच हा!

आपल्यातलीच मुलगी, म्हणजे मराठी बोलणारी. मराठा घर. आईबाप नाहीत, आजोबांजवळ राहते. बाळकृष्णराव — पूर्वी शेतं होती, आता मेल वीथीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या. दुपारी ती जेवायला घरी जाते. घर जवळ आहे, तेव्हा ठीकच.

१९ जुलै

ठीक नाही.

आज दुपारी पोस्टात गेले होते, येताना शिवगंगा तळ्यावरून आले. पायरीवर कृष्णवेणी. एकटीच, पाण्यात पाय सोडून बसलेली. घंटा व्हायच्या सुमाराला उठली, ओंजळीनं पाणी प्यायली, परकराच्या टोकानं तोंड पुसलं — अगदी जेवून उठल्यासारखं! — आणि पळत शाळेत गेली. मी झाडाआड उभी. हाक मारवली नाही.

२२ जुलै

विचारलं. ‘‘घरांतच जेवलें की, टीचर.’’ काय जेवलीस? ‘‘भात.’’ कशाशी? बोलेना. मग म्हणाली, ‘‘आजोबा सांगिटलेत, फुकटच्या पंगतीला बसायचें नाहीं म्हणून.’’ मान ताठ. पोटात काही नाही आणि मान बघा!

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज युक्ती केली. तिला नकाशे लावायला ऑफिसात बोलावलं, आणि माझ्या डब्यातला अर्धा दहीभात पानावर काढून पुढे ठेवला. कुणी बघत नाही, खा. ती त्या पानाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘लपून कां खायचें, टीचर?’’

उद्धटपणे नाही. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं. मी म्हटलं, लपून कुठं, इथं थंड असतं. नकाशे लावून गेली. भात मला एकटीला संपला नाही.

१६ ऑगस्ट

कालचा झेंडावंदनाचा समारंभ छान झाला. चौथीच्या मुलांनी अंगणात मातीचा कावेरीचा नकाशा केला होता — फाटे, कालवे, बांध, सगळं. वरून घागरीनं पाणी सोडलं की ते फाट्याफाट्यानं शेतांत जायचं. पाहुण्यांनी वाकून फार कौतुक केलं आणि समुद्राच्या जागी पाय दिला. पंपशू भिजला! मुलं हसली नाहीत. ही त्यांची वर्षातली सगळ्यात मोठी कामगिरी. गुरुमूर्ती मास्तर हसले.

२४ ऑगस्ट, शनिवार

हरलो.

हरल्याचं दुःख नाही. सुरुवातीला कृष्णवेणी इतकी पुढे होती की पंच तिच्याकडे बघून आपसात बोलू लागले. अर्ध्यावर तिचे पाय एकमेकांत अडकल्यासारखे झाले. पडली नाही. चालत चालत शेवटची रेघ ओलांडली आणि मैदानात बसली. डोळ्यांपुढे काळं झालं म्हणाली. कपाळ गार. सोडा आणवला, तो मात्र प्यायली, कारण मास्तरांनी सगळ्याच मुलांना दिला. सगळ्यांच्या बरोबर चालतं तिला.

मला राग आलाय. त्या म्हाताऱ्याचा. उद्या जाऊन त्याला खडसावणार आहे. वयाचा मान ठेवणार नाही!

२५ ऑगस्ट, रविवार

गेले होते. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

खोली झाडून लख्ख. भिंतीशी एक पलंग, एक छत्री. बाळकृष्णराव धुतलेला सदरा घालून बसलेले, जणू मी येणार हे ठाऊक होतं. ‘‘ये राजलक्ष्मी, बस. तुझ्या वडलांस मी चांगलें ओळखत होतों.’’ कृष्णवेणीनं चांदीच्या पेल्यात ताक आणलं. पाणीच म्हणावं असं ताक, पण मीठ-कढीपत्ता घातलेलं.

मी म्हटलं, आज माझा उपास आहे.

नव्हता. तोंडातून आपसूक निघालं. अशा घरी गेलं की आम्ही सगळे हेच म्हणतो. आईनं शिकवलंय, तिला तिच्या आईनं. म्हातारा हसला. ‘‘होय की. आमच्या घरीं आलें की तुमा लोकांस नेहमींच उपास असतो.’’ पेला परत आत पाठवला.

मग मी बोलायचं ते बोलले. मुलगी उपाशी राहते, कालची शर्यत, तुमचा ताठा, तिचं वाढतं वय. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, ‘‘आमचे पणजोबा राजाच्या अन्नछत्रावर कारभारी होते. रोज पंगत. वाटसरू, शिकणारीं पोरें, बैरागी, कोण येईल तो. आणि कारभाऱ्याचें पान त्यांच्यांतच मांडायचें. तेंच अन्न. चालच होती तशी. एक दिवस पान वेगळें मांडलें, तर दुसऱ्या दिवशीं मानी माणूस येत नसे. कां येईल? ती पंगत नव्हे मग, ती भीक झाली.’’

मग विचारलं,

‘‘तुमच्या शाळेंत कारभारी कोण? तूंच न?’’

हो म्हटलं.

‘‘तूं कुठें जेवतीस?’’

आवाज चढवला नाही. खरंच विचारावं तसं विचारलं, नातीसारखंच. कृष्णवेणी दाराशी उभी राहून जमिनीकडे बघत होती. म्हणजे कपाटामागचं घरी सांगितलेलं आहे. सांगणारच. मुलं सगळंच सांगतात.

दारापर्यंत पोचवायला आले. ‘‘मोठी झाली की पळेल ती. घाई काय अहे?’’ म्हणाले. ते स्वतः काय जेवतात हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

२६ ऑगस्ट

डबा उघडला. बंद केला.

२८ ऑगस्ट

म्हातारा बोलायला हुशार आहे, एवढंच! राजाच्या काळातल्या गोष्टी सांगायला काय जातं? मला घरी आई आहे. सत्तरीला आलेली, पहाटे ओलेत्यानं चूल पेटवणारी. अंजलैच्या हातचं खाऊन मी तिच्या स्वयंपाकघरात पाय कसा ठेवू? माझं जेवण माझं आहे. मुलांचं त्यात काय अडतं?

एका मुलीचं अडतं.

२९ ऑगस्ट, गणेशचतुर्थी

सुट्टी. आईनं मोदक केले. कृष्णवेणीसाठी चार बाजूला काढून ठेवले, मग परत डब्यात घातले. मी त्यांच्या घरचं ताक घेतलं नाही. ती माझे मोदक का घेईल?

२ सप्टेंबर, सोमवार

आज पंगतीला बसले.

ठरवून नाही म्हणता येणार. घंटा झाली, मुलं बसली, आणि मी ऑफिसाकडे वळायच्या ऐवजी पाचवीच्या रांगेच्या टोकाला जाऊन मांडी घातली. पुढ्यात ताटली विसरणाऱ्यांसाठी ठेवलेली पत्रावळ. अंजलै भाताचं भांडं घेऊन आली ती थबकली. ‘‘अम्मा, तुम्हालाही?’’ एवढंच तिनं तमिळमध्ये विचारलं. मी हो म्हटलं. भात जरा पत्रावळीबाहेर पडला. व्हरांड्यात इतकी शांतता मी फक्त इन्स्पेक्टर आल्यावर ऐकली आहे. मग पहिलीतलं कुणीतरी ओरडलं, ‘‘टीचर जेवताहेत!’’ आणि सगळे हसले, मीसुद्धा.

पहिला घास जाता जाईना. दुसरा गेला. सांबार जरा तिखट होतं. बाकी उत्तम.

कृष्णवेणीनं पाहिलंच नाही. ती घंटा होताच तळ्याकडे गेली होती!

संध्याकाळी आईला सांगितलं. खोटं बोलायचं मनात आलं होतं, पण त्या उपासाचं एकदा पुरे झालं. तिनं उठून आंघोळ केली. माझं ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर वाढलं.

६ सप्टेंबर

रोज बसते. आई रोज सकाळी डबा भरते. मी रोज तसाच परत आणते. ती तो गाईला घालते. ताट अजून उंबऱ्याबाहेर. वाईट वाटतं. खूप वाईट वाटतं.

गुरुमूर्ती मास्तरही पंगतीला बसू लागले! म्हणे, ‘‘तुम्ही बसता तर मी उभा राहून वाढणं बरं दिसत नाही.’’ दोनदा भात घेतात.

१० सप्टेंबर

आईनं आज डबा भरला नाही. रिकामा घासून पालथा घातला होता. रागानं की कसं, विचारलं नाही. निघताना पाठीमागून म्हणाली, ‘‘त्या बाईस सांग, सांबारांत मिरची कमी घाल म्हणून. तुला पित्त होतें.’’

रस्त्यात डोळे पुसत गेले. वेड्यासारखी!

१३ सप्टेंबर, शुक्रवार

डेप्युटी इन्स्पेक्टर येऊन गेले. परसातली वांगी, मातीचा नकाशा, हजेरी — सगळ्याची वाखाणणी. पाचवीनं पाढे घडाघडा म्हटले. ‘‘उत्तम शाळा’’ असं म्हणाले. वर्षभर ज्या शब्दांची वाट पाहिली ते आले, आणि मी तेव्हा फाटकाकडे बघत होते. दुपारची वेळ. कृष्णवेणी आजही तळ्याकडे गेली.

मी बसून दोन आठवडे होत आले. तिला ठाऊक आहे. ती येत नाही. मी तरी काय समजत होते? एक दिवस मांडी घातली की झालं? इतकी वर्षं कपाटामागे बसले त्याचं काय?

पंगत उठत आली तेव्हा फाटकाबाहेर एक म्हातारा छत्री टेकून उभा दिसला. व्हरांड्याकडे बघत होता, खूप वेळ. मी ओळख दाखवली नाही. तोंडात घास होता. जेवत राहिले.

१७ सप्टेंबर, मंगळवार

भात वाढून झाला होता. माझ्या शेजारी कुणीतरी ताटली घेऊन येऊन उभं राहिलं. मी वर पाहिलं नाही, पाहवलं नाही.

‘‘टीचर, थोडें सरका की.’’

सरकले.