घर सोडून बाकी सगळं

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा दस्तलेखक, बैठक कोर्टाच्या मागच्या भिंतीलगतचं तिसरं टेबल, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने टाइप करीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाचीही जबरदस्ती नाही. ती करू शकेल अशी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी, आणि ती सहा वर्षांपूर्वी वारली.

मला दोन मुलं. थोरली मुलगी पोटची. धाकटा चार वर्षांचा असताना आम्ही त्याला रीतसर दत्तक घेतलं. तो आता लिफ्ट दुरुस्त करतो. घर एकच, दोन खोल्या आणि गच्चीचा तुकडा. ते कोणाला, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मी आजवर दोनदा, दोन तऱ्हांनी दिलेलं आहे.

कलम १. अशा कागदाच्या सुरुवातीला एक वाक्य हमखास असतं : यापूर्वी केलेली सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. चाळीस वर्षांत मी ते हजारो वेळा बडवलं. इथे लिहीत नाही. का, हे कळायला माझं आणि मेहुण्याचं भांडण ठाऊक हवं.

मेहुणा, म्हणजे पत्नीचा धाकटा भाऊ, आमच्या चर्चचा पाळक आहे. वीस वर्षांपूर्वी एका रविवारी त्याने उपासनेत संदेश देताना सांगितलं की देवाने अब्राहामाला आणि त्याच्या वंशाला दिलेलं वचन ख्रिस्त आल्यावर संपलं; इस्राएलचं, म्हणजे यहुदी वंशाचं, नाव खोडलं गेलं आणि त्या जागी मंडळीचं, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं, आलं. उपासना संपताच मी त्याला दारात गाठलं.

"खाडाखोड केली की बाजूला सही लागते," मी म्हटलं. "देवाने कुठे केलीय ते दाखव."

"दाजी, नवा करार आला की आधीचा जुना होतो. तसं लिहिलंय."

"जुना झाला तो याजकांचा आणि होमबलींचा कारभार. वारस कुठे बदलले? त्यांच्या नावांखाली आपली नावं वाढवलीत, एवढंच. मागून आलेल्या कागदाने आधीचं पक्कं वचन मोडत नाही, हे बायबलात पौल प्रेषितच सांगतो."

तो हट्टी आहे, पण बिनडोक नाही. पुढे त्याने मांडणी बदलली : वचन मोडलं नाही, ते ख्रिस्तात पुरं झालं, आणि पुरं झालेलं वचन पुन्हा वेगळं मागता येत नाही. यावर मला अजूनही नीट उत्तर सुचलेलं नाही, म्हणून मी आवाज चढवतो.

कलम २. माझा वाचायचा दिवा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना द्यावा. त्यांचं मत तिसरंच. त्यांच्याकडे तक्ते आहेत : यहुदी लोक आपल्या देशात परतले, आता अमुक, मग तमुक, मग जगाचा शेवट. माझ्या टेबलासमोर घड्याळजींचं दुकान आहे आणि घड्याळजी यहुदी आहेत. बाई एकदा तिथे शिरून त्यांचं अभिनंदन करून आल्या. घड्याळजींनी डोळ्याचं भिंगसुद्धा काढलं नाही. म्हणाले, "बाई, तुमचे पाळक म्हणतात आमचं नाव कटलं. तुम्ही म्हणता शेवटच्या अंकात आमचं काम आहे. आम्हाला कोणी विचारणार की नाही? बरं ते जाऊ द्या, बॅटरी बदलायचीय का?" बाईंनी बदलून घेतली. दिव्याने त्यांना तक्ते नीट दिसतील.

कलम ३. घड्याळजींना मी माझी आरामखुर्ची ठेवणार होतो, कारण ती त्यांनीच बसून बसून खोल केली आहे. ते नको म्हणाले. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, आणि त्यांना साक्षीदार व्हायचंय. मी त्यांना एकदा विचारलं होतं, ते वचन अजून चालू आहे असं तुम्हाला वाटतं का? ते म्हणाले, "चालू आहे हो. पण निवडलेला मुलगा म्हणजे लाडका मुलगा असं तुम्ही धरून चालता. घरात कामं त्यालाच सांगतात. आणि वचन आहे म्हणून तिकडच्या प्रत्येक सरकारचं सगळंच बरोबर, असं माझ्याकडून वदवून घेऊ नका." तेव्हापासून मी यहुद्यांबद्दल 'देवाचे निवडलेले लोक' हे शब्द जरा जपून वापरतो. खुर्ची आता धाकट्याला.

कलम ४. मेहुण्याला काहीही नाही, कारण दुसरा साक्षीदार तो. त्याच्याकडे असलेली माझी काळी छत्री त्याला मृत्युपत्राने मिळालेली नाही. ती त्याने नेली आहे.

कलम ५. टाइपरायटर शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टबाईंना. 'र' अडकतो, दोनदा दाबावा लागतो. त्यांना हे माहीत आहे. मी जेवायला गेलो की त्या तो वापरतात.

कलम ६. घर. थोरली जन्मली त्याच आठवड्यात मी पहिलं मृत्युपत्र केलं : घर तिचं. धाकटा आल्यावर त्याचं नाव वाढवायचं राहून गेलं. मग अकरा वर्षांपूर्वी जेवणाच्या टेबलावर, मामाच्या देखत, थोरली म्हणाली, "मी यापुढे चर्चला येणार नाही. मला काय वाटतं तेच मला कळत नाही, उगाच बाकावर बसून काय करू?" दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी दुसरं मृत्युपत्र बडवलं. सगळं धाकट्याला, आणि वर ते 'रद्द समजावीत'. साक्षीदार म्हणून मेहुण्याने सही केली. थोरली दुसऱ्या गावी गेली. आमचं बोलणं थांबलं.

गेल्या महिन्यात मेहुण्याशी नेहमीचं भांडण रंगात आलं होतं. मी म्हटलं, "बापाने दिलेला शब्द पोरांच्या वागण्यावरून फिरत नाही!" त्याने कप खाली ठेवला. "दाजी, हे तुम्ही मला सांगता? त्या कागदावर माझी सही आहे."

वीस वर्षांत तो पहिल्यांदा जिंकला. मला लाज वाटली, फार वाटली.

धाकट्याला बोलावून सगळं सांगितलं. घर एकट्या त्याच्या नावे लिहून ठेवलंय हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो म्हणाला, "बाबा, मला आणलंत तेव्हा ताईची खाट बाहेर काढली नव्हती. शेजारी दुसरी टाकली होती. भिंतीकडे तू झोप, असं तीच म्हणाली होती मला." दुसरं मृत्युपत्र मी त्याच्यासमोर फाडलं.

पण मृत्युपत्र माणूस मरेपर्यंत बदलू शकतो, आणि माझा स्वभाव मला माहीत आहे. म्हणून गेल्या बुधवारी मी घराचं बक्षीसपत्र करून नोंदवलं, दोघांच्या नावे, निम्मं निम्मं. बिनअट दिलेलं बक्षीस परत घेता येत नाही. त्यावर घेणाऱ्याची सही लागते, सबब थोरलीला फोन करावा लागला. ती आली.

"बाबा, मी चर्चला येणार नाही हं," नोंदणी कचेरीच्या बाकावर ती म्हणाली.

"अट घातलेली नाही. वाच."

"वाचलं. दोनदा."

मग तिने सही केली, माझ्यासारखीच, शेवटी उगाच एक रेघ ओढून. मी सगळ्यांदेखत रडलो. कारकुनाने टिपकागद पुढे केला, बिचाऱ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

तेव्हा या मृत्युपत्रात घर नाही. ते आता माझं नाही, मी मुलांच्या घरात राहतो. निघण्याआधी थोरलीने दोन्ही खोल्या नीट पाहिल्या आणि म्हणाली, "शेवटचा रंग आई असताना दिला होता ना? पुढच्या महिन्यात मी रंगारी घेऊन येते. कुठला रंग ते आम्ही दोघं ठरवू. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मी बोलणार नाही. घर त्यांचं आहे.

लिहून देणार : (सही) दस्तलेखक, टेबल नंबर तीन

यांनी आमच्यासमोर सही केली, आणि करताना ते गप्प होते :
१. (सही) घड्याळजी
२. (सही) पाळक, मेहुणा

स्थळ : मुलांचं घर, पुढची खोली
दिनांक : चौदा, सोमवार. शनिवारी, यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, पहिले साक्षीदार लेखणी धरत नाहीत आणि रविवारी दुसऱ्यांना सवड नसते.